गणपतीची रजा आणि चार नंबरचं टेबल

सुरंगी | १० जुलै २०२५, रात्री ९:४२

नमस्कार. इतकी वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते. आता पाणी नाकाशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीजवळ एका मासळी प्रक्रिया कारखान्यात एचआर बघते. विभाग म्हणजे मी, एक टाइमकीपर आणि पावसाळ्यात दमट कागद खाणारा एक प्रिंटर. कटिंगच्या टेबलांवर १०७ बायका, सगळ्या आसपासच्या गावांतल्या. फ्रीझर, बर्फ आणि लोडिंगला ओडिशा-झारखंडची चाळीसेक मुलं, ती आमच्याच खोल्यांवर राहतात. बाकी बॉयलर, लॅब, ऑफिस.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टात होड्या सुटतात, माल यायला लागतो, दोन महिने थंड पडलेला कारखाना कुठे तापतो, तोच गणपती येतात.

गेल्या वर्षी मी महिनाभर आधी नोटीस लावली होती: विनापरवानगी गैरहजर राहिल्यास शिस्तभंगाची कारवाई. चतुर्थीला १०७ पैकी १९ जणी आल्या. त्याच पहाटे गुजरातहून माकुलाचे (स्क्विडचे) दोन ट्रक येऊन उभे. १९ जणींनी रात्री नऊपर्यंत कापलं, तरी तिसरा हिस्सा लालसर पडला आणि कमी दरात गेला.

मग साहेबांच्या हुकमाने ८८ जणींकडे खुलासा मागितला. ८८ कागद आले. त्यातले निदान पन्नास एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या पेनाने: "घरी गणपती असल्याने येऊ शकले नाही. तरी माफी असावी." खाली सह्या आणि अंगठे तेवढे वेगळे. फाइलला लावले. पुढे काय करणार? ८८ जणींना घरी बसवलं तर कापायचं कोणी?

यावर मुख्य कार्यालयाचा उपाय म्हणजे सुपरवायझरांसाठी दोन दिवसांचा 'लीडरशिप प्रोग्राम'. पुण्याहून प्रशिक्षक आले. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये स्पॅगेटीच्या काड्या आणि मार्शमेलो वाटून मनोरे रचायला लावले. आमच्या फ्रीझरच्या सुपरवायझरने मार्शमेलो तोंडात टाकला आणि मग विचारलं, "ह्याचं करायचं काय असतं?"

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. गौरी विसर्जन २ सप्टेंबरला. दीड महिना आहे. तुमच्याकडे काय करतात?

कार्पोरेटकाका | १० जुलै, रात्री १०:३०

स्वागत. पहिली गोष्ट, भावनेत अडकू नका. धोरण लेखी हवं आणि सगळ्यांना सारखं हवं. दुसरी, दंडापेक्षा बक्षीस बरं. त्या आठवड्यात पूर्ण हजेरी लावणाऱ्याला ठसठशीत हजेरी भत्ता द्या. आमच्या चाकणच्या प्लांटला दिवाळीत हे चालतं. तिसरी, त्या काळासाठी कंत्राटी माणसं बाहेरून आणा. माणूस शेवटी फायदा बघतो.

खाजा_मालवणी | १० जुलै, रात्री ११:०५

सुरंगे, तू नोटीस लावलंस थयच चुकलंस. गणपतीक घराक जाव नको म्हणून कोकणातल्या माणसाक नोटीस देवची म्हणजे भरतीक येव नको म्हणून किनाऱ्यार कागद चिकटवचो.

काकांका एक इचारतंय: चाकणात गणपती दीड दिवसांत आटपता काय?

चाकरमानी_डोंबिवली | ११ जुलै, सकाळी ८:१२

रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी सविस्तर लिहीन.

तूर्तास एक कबुली. मुंबईच्या नोकरीत पहिल्या सहा वर्षांत मी दोन आज्या आणि एक चुलते मारले, सगळे भाद्रपदातच. सातव्या वर्षी नवीन मॅनेजर आला. जुलैतच म्हणाला, "तिकीट काढलंस का? तारखा सांग, म्हणजे इकडचं लावता येईल." त्या वर्षापासून आमच्या घरात कुणी गेलं नाही. तो माणूस नाशिकचा होता, कोकण त्याने नकाशातच पाहिलेलं.

सुरंगी | ११ जुलै, दुपारी १:४०

@चाकरमानी :))

@कार्पोरेटकाका, हजेरी भत्ता गेल्या वर्षीच दिला. हजार रुपये. ज्या १९ आल्या त्यांना मिळाला. पण त्या १९ कोण ते मी नंतर बघितलं. अकरा मुसलमान, तिघी बौद्ध, दोघींच्या घरी सुतक, उरलेल्या तिघींचा गणपती मूळ घरी दिराकडे असतो आणि त्यांचं दिराशी पटत नाही. म्हणजे १९ हजार वाटून एकही बाई जास्तीची आली नाही. ज्या येणारच होत्या त्यांना आम्ही पैसे दिले. अर्थात त्यांनी रात्री नऊपर्यंत खपून ते कमावले, त्याबद्दल तक्रार नाही.

परशुरामघाट | ११ जुलै, सायंकाळी ६:२०

मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात २६ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी ह्या खात्याला 'पर्सोनेल' म्हणत आणि खिडकीला जाळी असे. जाळी कामगारांपासून आमच्या रक्षणासाठी की आमच्यापासून कामगारांच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बाईसाहेब, तुम्ही नोटीस काढण्याआधी १९४८ चा कारखाने कायदा उघडला होता का? कलम ७९. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, ही त्या बाईची हक्काची. तिने १५ दिवस आधी लेखी मागायची. तुम्ही नाकारलीत तर ती बुडत नाही, पुढे जमा होते, आणि नाकारलेल्या रजेला साठवणुकीची मर्यादाही नाही. म्हणजे नाकारून तुम्ही फक्त पुढे ढकलता.

त्याच कलमात एक पोटकलम आहे, तिकडे फारसं कुणी बघत नाही. काम अखंड चालावं म्हणून व्यवस्थापनाने वर्क्स कमिटीशी (व्यवस्थापन आणि कामगार यांची संयुक्त समिती) किंवा कामगारांच्या प्रतिनिधींशी ठरवून रजेची योजनाच लिहून काढायची आणि मुख्य निरीक्षकांकडे दाखल करायची. कायदा लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न तेव्हाच ओळखला होता. १०० किंवा जास्त कामगार असले की सरकार वर्क्स कमिटी नेमायला सांगू शकतं, ही तरतूद त्याच्याही आधीची, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली.

आणि साप्ताहिक सुट्टी. कलम ५२ प्रमाणे ती तीन दिवसांपर्यंत अलीकडे-पलीकडे सरकवता येते. आदल्या रविवारी काम आणि तो रविवार चतुर्थीला. नोटीस आधी लावायची, आणि कुणालाही सलग दहा दिवसांहून जास्त सुट्टीविना राबवायचं नाही, एवढं पाळा. आम्ही असं करून रजेला हातही न लावता लोकांना दोन दिवस मोकळे करून देत होतो.

सुरंगी | ११ जुलै, रात्री ९:१५

काका, दंडवत. वर्क्स कमिटी आमच्याकडे आहे. कागदावर. तिची बैठक दर तीन महिन्यांनी होते, चहा-बिस्किटं येतात, मी विषय वाचते, सगळ्या "हो मॅडम" म्हणतात, सह्या होतात. एकदाही कुणी काही मागितलेलं नाही.

खाजा_मालवणी | ११ जुलै, रात्री ९:५०

ह्या तर गाऱ्हाणा झाला!

"बा देवा म्हाराजा, आज जी काय लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचा सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा..." आणि मागसून सगळे, "व्हय म्हाराजा!"

प्रमाण भाषेत सांगतो, कारण मुद्दा गंभीर आहे. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं, एकजण घालतो, बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ती रीत आहे, ते मत नव्हे. कुणाच्या मनात काय आहे ते नंतर पाणंदीत, घरी जाताना कळतं. तुझ्या बैठकीत देव तू, गाऱ्हाणं घालणारीही तूच. बायकांनी व्हय म्हाराजा म्हणून रीत पाळली. तुला 'नाही' ऐकायचं असेल तर पाणंदीत जाऊन उभी राहा.

हर्णैची | १२ जुलै, सकाळी ७:०३

आमच्या सासरी दोन होड्या आहेत. लीडरशिप हा शब्द घरात कुणी उच्चारलेला नाही, पण तांडेल हा शब्द दिवसातून वीस वेळा येतो.

होडी नाखव्याची, पैसा नाखव्याचा, पण खलाशी तांडेलाचे. त्यांना तो आणतो, तोच पारखतो, समुद्रात जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी माघारी फिरायचं तेही त्याच्याच हातात. हंगामाआधी खलाशांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. हंगामाच्या मध्यात खलाशी पैसे घेऊन पळाले, अशी बातमी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बंदरातून येतेच. आमच्याकडेही एका वर्षी सात जण गेले. सासऱ्यांनी तांडेलाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "नाखवा, माणसं माझी नव्हती. तुम्ही स्वस्तात दुसऱ्या दलालाकडून उचललीत." खरंच होतं ते.

आमच्या तांडेलाचं एक बघितलंय. होडी लागली की मासळीच्या पाट्या उतरतात, लिलाव होतो, सगळा कोलाहल. तो कुणावर ओरडत नाही. बर्फाच्या खणात शेवटी कोण उतरतंय एवढंच बघतो. ते काम सगळ्यांना नकोसं, कमरेपर्यंत गार पाणी. सलग दोन फेऱ्या एकाच पोराच्या वाट्याला आली तर तिसऱ्या फेरीला तो त्या पोराला वर ठेवतो आणि दुसऱ्याचं नाव घेतो. वहीत कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं की ह्याच्या डोक्यात हिशेब आहे.

तर सुरंगी, तुझ्या कारखान्यात सुपरवायझर आठ असतील. तांडेल कोण आहे, ते तुला ठाऊक आहे का? माझा अंदाज: पन्नास कागद जिने लिहिले ती.

अर्धवटराव | १२ जुलै, सकाळी ९:३०

हर्णैची यांना +१. ते हस्ताक्षर शोधा.

अवांतर: खलाशी बहुतेक नेपाळचे ना? आमच्या आंब्याच्या बागेतले राखणदारही नेपाळचेच. कोकणचा आंबा आणि कोकणची मासळी दोन्ही नेपाळच्या जिवावर, आणि आम्ही मुंबईला जाऊन गणपतीला यायला रजा मागतो.

सुरंगी | १९ जुलै, रात्री १०:२०

आठवडाभर लिहिलं नाही, कारण मी पाणंदीत उभी होते.

माल नसला तरी साफसफाई आणि जुन्या साठ्याचं पॅकिंग चालू आहे, तीसेक जणी येतात. मी गमबूट, टोपी, एप्रन चढवून कटिंग हॉलमध्ये गेले. तीन वर्षांत तिथे फक्त तपासणीच्या दिवशी गेले असेन. पहिले दोन दिवस मी आले की सगळ्या गप्प. तिसऱ्या दिवशी मी टोपल्या धुवायला घेतल्या आणि माझा हातमोजा फाटला. चार नंबरच्या टेबलावरची एक बाई न बोलता आली. माझा मोजा काढला, खिशातून सुती मोजा काढून आधी तो घातला, वरून रबरी. म्हणाली, "नुसतं रबर घातलंत तर संध्याकाळपर्यंत बोटं काम करायची नाहीत." आम्ही फक्त रबरी मोजे देतो. आतला सुती मोजा प्रत्येकीने आपल्या पैशाने घेतलाय. तीन वर्षांत हे मला माहीत नव्हतं. कमिटीच्या एकाही इतिवृत्तात नाही.

तिच्याच खिशाला निळं पेन होतं.

तिचं नाव लिहीत नाही, बाय म्हणते. पन्नाशीची, सातवी शिकलेली, सुपरवायझर नाही, कमिटीवरही नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बँकेचे, शाळेचे, रेशनचे अर्ज तीच लिहिते. खुलासेही तिनेच लिहिले. मी विचारल्यावर घाबरली नाही. म्हणाली, "तुम्ही काय विचारलंत? का आला नाहीत. आता सगळ्यांकडे उत्तर एकच, मग मजकूर वेगळा कुठून आणू?"

मी म्हटलं, मग काय विचारायला हवं होतं?

"कुणाला कुठला दिवस हवा, ते."

मग तिने बोटांवर मोजून सांगितलं. ह्या वाडीत दीड दिवसाचे गणपती, त्यांना पहिले दोन दिवस पुरे. त्या वाडीत गौरी-गणपती, त्यांना आणण्याचा दिवस आणि गौरीचे तीन, मधले तीन दिवस त्या येऊ शकतात. सहा जणींच्या घरी नव्या सुना आहेत, ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सुपं भरायची रीत) भरायचाय, त्यांना गौरी पूजनाला आभाळ कोसळलं तरी जमणार नाही. दोघींच्या घरी गणपती भावाभावांत फिरतो आणि यंदा त्यांची पाळी नाही. मी 'गणपतीची रजा' असा एकच डोंगर समजत होते. तो १०७ ठिकाणी फुटलेला होता, आणि त्याचा सगळा नकाशा चार नंबरच्या टेबलावर होता.

परशुरामघाट | १९ जुलै, रात्री ११:००

सुती मोजे उद्याच्या उद्या मागवा. बाकीचं नंतर. सुरक्षेचं साहित्य पुरवणं मालकाकडे असतं, बायकांच्या पर्समध्ये नव्हे.

कार्पोरेटकाका | २० जुलै, सकाळी १०:१०

मानलं. मी माझा सल्ला अर्धा मागे घेतो. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये हेच मांडलं होतं: पगार, पंखा, मोजा, संडास ह्या गोष्टी नसल्या की माणूस नाराज होतो, पण असल्या म्हणून त्याला उमेद येतेच असं नाही. उमेद यायला कामात त्याचं काही चालावं लागतं. आम्ही हे परीक्षेला पाठ केलं आणि नोकरीत हजेरी भत्ते काढत बसलो.

आता व्यावहारिक सूचना: त्या बाईंना सुपरवायझर करून टाका.

हर्णैची | २० जुलै, सकाळी १०:४५

नका करू. निदान लगेच नका करू.

अर्धवटराव | २० जुलै, दुपारी १२:००

सहमत. १९६९ सालचं ते पीटर तत्त्व आठवा, माणसाला बढती देत देत जिथे त्याला जमत नाही तिथे नेऊन ठेवायचं. आमच्या काजूच्या कारखान्यात सोलायला सगळ्यात हुशार बाई होती, अख्खी गरं काढायची, तुकडा पडायचा नाही. तिला मुकादम केली. उत्तम सोलणारी गेली आणि भांडखोर मुकादम मिळाली. दोन वर्षांनी ती स्वतःच म्हणाली, मला परत पाटावर बसवा. परत बसवताना मालकाला कमीपणा वाटला, म्हणून तिला घरीच पाठवली.

खाजा_मालवणी | २० जुलै, दुपारी १:३०

रापण बघितलंस कधी? किनाऱ्यावरून जाळं ओढतात ती. मासे वाळूत आले की वाटे पडतात. जाळ्याचे, होडीचे, ओढणाऱ्याचे. कुणी कमी ओढलं, कुणी उशिरा आला, भांडणं होतात, नाही असं नाही. पण ढीग सगळ्यांदेखत पडतात. तुझ्या वाट्यात बांगडे किती आणि माझ्यात किती, दोघांनाही दिसतं. त्यामुळे भांडण वाळूतच संपतं, घरापर्यंत येत नाही.

रजेचे वाटेय असेच घाल. ऑफिसात कंप्युटरात नको. भिंतीर.

सुरंगी | २८ जुलै, रात्री ८:५०

घातले.

हॉलबाहेर, पंचिंगच्या भिंतीवर चार पुठ्ठे जोडून तक्ता केला. आडवे रकाने २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर, उभी १०७ नावं. टेबलावर किमान किती हात लागतील ते प्रत्येक दिवसाखाली लाल पेनाने लिहिलं, उत्पादनवाल्यांशी भांडून तो आकडा ४० वर आणला (ते ७० म्हणत होते). बाकी रकाने रिकामे. ज्याने त्याने आपली खूण आपण करायची. ज्या दिवशी हात कमी पडतील तो दिवस बायकांनीच आपसात मिटवायचा, मी मध्ये पडणार नाही. परशुरामघाट काकांच्या सल्ल्याने ज्याला हवा त्याला २४ ऑगस्टचा रविवार चतुर्थीला बदलून दिला, तेवढा एकच, म्हणजे दहा दिवसांचा नियम मोडत नाही. तशी नोटीसही लावली. ह्या वेळच्या नोटिशीत 'कारवाई' हा शब्द नव्हता, त्यावरून साहेबांशी अर्धा तास गेला.

पहिल्या दिवशी तक्त्यावर एकही खूण नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायने आपली केली: चतुर्थीला हजर, गौरीला रजा. जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर साठ खुणा.

तिला सुपरवायझरपदाबद्दल मी विचारलं होतं, तुम्ही नको म्हणत असतानाही. हसली. "आत्ता माझ्याजवळ सगळ्या बोलतात. पट्टा लावला की तुमच्याजवळ बोलतात तेवढंच बोलतील." कमिटीवर यायला मात्र तयार झाली, बैठक हॉलमध्ये घ्यायची, ऑफिसात नाही, ह्या अटीवर.

गंगाधरच_शक्तिमान | २९ जुलै, सकाळी ११:१५

धागा छान चाललाय म्हणून विरजण घालायचं नव्हतं, पण कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. ती चाळीस परप्रांतीय मुलं? त्यांच्या नावाचा तक्ता कुठाय? मी ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, सगळीकडे हेच बघितलंय. स्थानिकांचा सण आला की "ते आहेत ना" म्हणायचं, आणि त्यांचा सण आला की "तिकीट मिळणार नाही, कशाला जातोस". त्या नऊ दिवसांत ती मुलं दोन-दोन पाळ्या ओढणार. जादा कामाचे दुप्पट पैसे देता का तेही सांगा.

सुरंगी | २९ जुलै, रात्री ९:३०

दुप्पट देतो, कायद्यानेच द्यावे लागतात. पण तक्त्याचं खरं आहे. त्यांची नावं माझ्या डोक्यातच आली नाहीत. लाज वाटली हे लिहिताना.

सुरंगी | १ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज त्यांच्या खोल्यांवर गेले. मोडक्या हिंदीत विचारलं, तुमचा सण कधी? झारखंडच्या मुलांनी करमा सांगितला, तो भाद्रपद एकादशीला, म्हणजे ३ सप्टेंबरला. मग संबळपूरकडचा एक मुलगा म्हणाला, आमचा नुआखाई. नव्या भाताचा सण, आमच्याकडे त्याहून मोठा काही नाही.

तो कधी असतो?

"गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी."

दर वर्षी. भाद्रपद शुद्ध पंचमीला. आमच्या बायका घरी ऋषिपंचमीची भाजी खात असतात तेव्हा ही मुलं उणे चाळीसच्या फ्रीझरमधून ट्रे काढत असतात आणि गावाकडे त्यांच्या घरी नवा भात देवाला दाखवत असतात. चार वर्षं झाली त्याला इथे. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? म्हणाला, "कोणी विचारलं नाही, आणि त्या दिवशी तर तुम्हाला माणसं कमी असतात."

संबळपूरकडचे असे नऊ जण आहेत, एवढ्या लांब त्यांना पाठवता येणार नाही. पण त्या दिवशी दुपारनंतर त्यांना सुट्टी, आणि तेवढा वेळ फ्रीझरला ऑफिसातले पुरुष उभे राहतील. त्यात आमचे अकाउंटंटही आलेत. ते सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

चाकरमानी_डोंबिवली | २ ऑगस्ट, सकाळी ७:५०

अकाउंटंटचा फोटो हवाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

सुरंगी | ७ सप्टेंबर, सायंकाळी ५:००

सगळं आटपलं. जसं झालं तसं सांगते.

चतुर्थीला ४० हवे होते, ३४ आले. २८ ला ४६. मधल्या दोन दिवशी साठाच्या वर. गौरी पूजनाला २९, तो दिवस पडला. बायने आधीच सांगितलं होतं की तो दिवस भरणार नाही, मीच ओवशाचं गणित नीट धरलं नव्हतं. पाच जणींनी खूण एका दिवसाची केली आणि राहिल्या दुसऱ्या दिवशी, त्यांचं काय ते टेबलावरच झालं असावं. माझ्याकडे कुणी आलं नाही, पण त्यातली एक दोन दिवस फुगून होती.

पण माल? चतुर्थीला बंदरात जवळजवळ काहीच नव्हतं. असणार कसं, नाखव्यांच्या घरीही गणपती. मग गेल्या वर्षी दोन ट्रक आलेच कसे? जुन्या पावत्या काढून खरेदीवाल्यांकडे गेले. ते ट्रक त्यांनीच मागवले होते. "त्या दिवशी स्थानिक माल नसतो, कारखाना बंद पडू नये म्हणून." बाहेरून माल आणण्याचा दिवस त्यांनी नेमका तोच निवडला होता ज्या दिवशी कापायला हात नसतात, आणि दोन्ही खात्यांच्या टेबलांमध्ये अंतर बारा फूट. यंदा मी ऑगस्टातच त्यांना तक्ता दाखवला होता, त्यांनी ट्रक ३० तारखेवर नेले. एकही टोपली खराब झाली नाही. म्हणजे ८८ खुलासे, हजार-हजार रुपये आणि मार्शमेलो ह्या सगळ्याचं मूळ एका खरेदीच्या ऑर्डरमध्ये होतं.

नुआखाईला मुलांनी खोलीवर खीर केली, तांदूळ इथलाच. बायने घरून पातोळ्या दिल्या होत्या, मोदकही. अकाउंटंट फ्रीझरला तीन तास उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून जाड जॅकेटांच्या खरेदीवर सही केली, जी एप्रिलपासून त्यांच्याच टेबलावर पडून होती.

गंगाधरच_शक्तिमान | ७ सप्टेंबर, रात्री ८:१०

अभिनंदन, पण एक पाचर मारतोच. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले ते एचआरवाल्यांना पाठच असतात. दिवे वाढवले, उत्पादन वाढलं. दिवे कमी केले, तरी वाढलं. निष्कर्ष काढला की आपल्याकडे कुणी लक्ष देतंय म्हटल्यावर माणसं बरं काम करतात. पुढे त्या निष्कर्षावरही बरीच टीका झाली. तुमच्या तक्त्याचं तसंच नसेल कशावरून? यंदा मॅडम हॉलमध्ये आल्या, टोपल्या धुतल्या, सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या वर्षी तो तक्ता म्हणजे आणखी एक नोटीस.

सुरंगी | ७ सप्टेंबर, रात्री ९:००

असेलही. सुती मोजे मात्र दिव्यासारखे नाहीत, ते पुढच्या वर्षीही गरमच राहतील.

तक्त्याची भीती मलाही आहे. साहेबांना तो इतका आवडला की सॉफ्टवेअरमध्ये टाकूया म्हणाले, म्हणजे मुख्य कार्यालयालाही दिसेल. मी सध्या प्रिंटर बिघडल्याचं सांगून वेळ काढतेय.

परशुरामघाट | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

आता लगेच बसून ही योजना लेखी करा, कमिटीच्या सह्या घ्या, निरीक्षकांकडे दाखल करा. तुमची उद्या बदली झाली तर नवा माणूस पहिल्याच आठवड्यात भिंतीवरचे पुठ्ठे रद्दीत घालेल. मी हे होताना बघितलंय, माझ्याच पुठ्ठ्यांचं.

सुरंगी | ८ सप्टेंबर, दुपारी १:१५

काका, मसुदा केलाय, पाठवते तुम्हाला. गणपतीचं बसलं. अडलंय ते शिमग्याला. गणपतीची तारीख पंचांगात असते. पालखी मात्र कुठल्या वाडीत, कुणाच्या घरी, कुठल्या दिवशी येणार ते गावागावात वेगळं, आणि आमच्या बायकांच्या गावांची संख्या २३. कधीकधी आदल्या दिवसापर्यंत पक्कं नसतं. रकाने आखू कसे?

खाजा_मालवणी | ८ सप्टेंबर, दुपारी १:३२

मानकऱ्यांका कमिटीर घे.

सुरंगी | ८ सप्टेंबर, दुपारी १:३५

२३ गावांचे?

खाजा_मालवणी | ८ सप्टेंबर, दुपारी १:३६

व्हय म्हाराजा.